सोडून दिलेल्या माशाचे पाप

जैन आचार्य सोमदेवसूरी यांनी राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, इ.स. ९५९ मध्ये, ‘यशस्तिलक’ हे चंपूकाव्य, म्हणजे गद्य आणि पद्य यांच्या मिश्र रचनेचा ग्रंथ, पूर्ण केले. ग्रंथाच्या उत्तरार्धात श्रावकाचाराचे, म्हणजे जैन गृहस्थाने पाळावयाच्या नियमांचे, विवेचन आले असून हिंसेचा विचार करताना तेथे धीवर आणि शेतकरी यांची जोडी समोर ठेवली आहे. नांगराच्या फाळाखाली कितीतरी जीव चिरडले गेले तरी शेतकरी पापाचा धनी होत नाही, आणि धीवराने एकही मासा मारला नाही तरी तो पापी ठरतो, कारण दोघांची चित्ते वेगवेगळ्या ठिकाणी गुंतलेली असतात, असा त्या दाखल्याचा आशय आहे. हिंसेचे माप मेलेल्या जिवांच्या संख्येने न घेता संकल्पाने घ्यावे, हा जैन आचारविचारातील पायाभूत सिद्धांत त्यातून स्पष्ट होतो. मात्र पोटासाठी जाळे टाकणाऱ्या धीवरावर हा दाखला काहीसा अन्यायच करतो, कारण त्याचेही चित्त माशाच्या मरणावर नसून घरच्या चुलीवर असते, असे म्हणायला जागा आहे. ज्याला मासा नको असतो पण मासा धरणे मात्र हवे असते, अशा माणसाला हा दाखला अधिक नेमका लागू पडला असता, आणि असा माणूस सोमदेवांनंतर सुमारे नऊशे वर्षांनी दक्षिण इंग्लंडमधील नद्यांच्या काठी घडू लागला.

हॅम्पशर परगण्यातील टेस्ट आणि इचेन या नद्या ‘चॉक स्ट्रीम’ म्हणून ओळखल्या जातात. खडूसारख्या मऊ, पांढऱ्या चुनखडकाच्या टेकड्यांत पावसाचे पाणी मुरते, खडकाच्या भेगांतून सावकाश गाळले जाते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, तेव्हा त्याचे तापमान वर्षभर १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुराचा आणि गाळाचा उपद्रव कमी असल्यामुळे या नद्यांचा तळ स्वच्छ दिसतो, पाण्यात विरघळलेले क्षार भरपूर असल्यामुळे पाणवनस्पती आणि कीटक दाट वाढतात, आणि त्या कीटकांवर ब्राउन ट्राउट हा अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेला मासा पोसला जातो. पाणी इतके नितळ असते की काठावरून मासा दिसतो आणि माशालाही काठावरचा माणूस दिसतो. ड्राय फ्लायची सारी कला या परस्परदर्शनातून जन्मलेली आहे. ड्राय फ्लाय म्हणजे बारीक गळाभोवती रेशमी दोरा, लव आणि कोंबड्याच्या मानेवरचे ताठ पीस गुंडाळून तयार केलेली कृत्रिम माशी. पिसाच्या तंतूंच्या आधाराने ती पाण्यात न बुडता कोरडीच तरंगत राहते आणि नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या कीटकासारखी दिसते. तिला आमिष म्हणणेही तसे धाडसाचेच, कारण तिच्यात खाण्याजोगे काहीही नसते.

जून महिन्यातील सकाळी, हवा जराशी तापली की, इचेनच्या पृष्ठभागावर ‘ऑलिव्ह’ या नावाने ओळखले जाणारे कीटक दिसू लागतात. ते मेफ्लायच्या गणातले असून या गणातील कीटकाचे जवळजवळ सारे आयुष्य नदीच्या तळाशी, ‘निम्फ’ नावाच्या बिनपंखी अवस्थेत जाते. काही जातींत हा काळ दोन वर्षांचाही असतो. मग एके दिवशी निम्फ वर येते, पृष्ठभागाशी तिची कात फाटते आणि शिडासारखे उभे करडे पंख असलेला ‘डन’ बाहेर पडतो, जो उड्डाण जमेपर्यंत थोडा वेळ प्रवाहाबरोबर वाहत जातो. तो वाचला तर काठच्या झाडाझुडपांवर पुन्हा एकदा कात टाकतो आणि काचेसारख्या पंखांचा ‘स्पिनर’ होतो. त्याला खाण्याच्या उपयोगाचे तोंडच नसते, आणि मीलन व अंडी घालणे उरकले की त्याचे आयुष्य संपते. ट्राउट डनच्या या वाहत्या क्षणांवर टपलेला असतो. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, म्हणजे डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून, दिसते, आणि त्या खिडकीभोवतीचा पृष्ठभाग त्याच्या दृष्टीने आरसा असून त्यात नदीचा तळच प्रतिबिंबित झालेला असतो. येणाऱ्या कीटकाची पहिली चाहूल त्याला आरशावर कीटकाच्या पायांनी पडलेल्या बारीक खळग्यांवरून लागते, नंतर खिडकीच्या कडेवर पंखांची टोके उगवतात, आणि मग तो थोडासा वर तरंगून कीटक टिपतो. काठावरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते पाण्यावर पसरत जाणारे एक वर्तुळ.

त्या वर्तुळाच्या खालच्या अंगाला, म्हणजे तोंड उगमाकडे करून राहणाऱ्या माशाच्या पाठीमागे, गुडघे टेकून बसलेला माणूस बराच वेळ काहीही न करता नुसता पाहत असतो, कारण मासा किती वेळाने वर येतो, कोणता कीटक घेतो आणि कोणता सोडून देतो हे कळल्याशिवाय माशी निवडता येत नाही. नंतर दोरी हवेत पुढे-मागे झुलवून तो माशी वर्तुळाच्या थोडी वरच्या अंगाला, शक्य तितक्या अलगद, उतरवतो. मधल्या वेगवान पाण्याने दोरीला ओढ दिली आणि माशी प्रवाहाच्या गतीपेक्षा बोटभर जरी वेगळी घसरली, तरी त्या घसरण्याला ‘ड्रॅग’ म्हणतात, आणि ड्रॅग लागलेल्या माशीकडे जाणता ट्राउट ढुंकूनही पाहत नाही. सगळे जुळून आले तर मासा माशी घेतो, काठी उचलली जाते, गळ जबड्याच्या सांध्यात रुततो, मासा पाणवनस्पतीत शिरण्याची धडपड करतो आणि थोड्या वेळाने दमून जाळीत येतो. यानंतरची पद्धत आज अनेक नद्यांवर अशी आहे की टोकाजवळचा उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करूनच माशाला स्पर्श करावा, गळ चिमट्याने मागे ओढून काढावा, आणि माशाचे तोंड प्रवाहाकडे करून कल्ल्यांची उघडझाप पूर्ववत होईपर्यंत त्याला पाण्यातच आधार देऊन मग सोडावे. पहाटे उठून, दूरचा प्रवास करून आणि पाण्याच्या हक्काचे भरमसाट पैसे मोजून आलेला माणूस अशा रीतीने रिकाम्या हाताने आणि समाधानाने घरी जातो.

या कलेला शास्त्राचे रूप फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी दिले. १८८६ मध्ये त्यांनी तरंगत्या माश्या तयार करण्यावर आणि १८८९ मध्ये ड्राय फ्लायच्या सिद्धांत व प्रयोगावर ग्रंथ लिहिले, आणि त्यांच्या अनुयायांच्या हातून त्या ग्रंथांतील सूचनांचा हळूहळू आचारधर्म झाला. पृष्ठभागावर खाताना प्रत्यक्ष दिसलेल्या माशावरच माशी टाकावी, अंदाजाने पाण्यात टाकू नये, ती प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनेच टाकावी, आणि ती बुडालेली चालणार नाही, असे ते नियम होते. जी.ई.एम. स्क्यूस या पेशाने वकील असलेल्या गृहस्थांनी इचेनवर कित्येक वर्षे काढली आणि १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवून दिले की ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याखालीच, निम्फच्या अवस्थेत, खातो, तेव्हा बुडालेली माशी वापरण्यात अनैसर्गिक असे काही नाही. युक्तिवाद बिनतोड होता. तरीही १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या प्रश्नावर जी चर्चा झाली तिच्यात वयोवृद्ध स्क्यूस एखाद्या पाखंड्यासारखे उभे केले गेले. माशी कोरडी की ओली या मुद्द्यावर सुशिक्षित माणसांनी इतके हमरीतुमरीवर यावे, हे मराठी वाचकाला सोवळ्या-ओवळ्याच्या वादांची आठवण करून देईल, आणि ती आठवण अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. दोन्हीकडे वस्तूची उपयुक्तता हा प्रश्नच नसतो. कृती कोणत्या विधीने झाली म्हणजे करणारा शुद्ध राहतो, हा प्रश्न असतो.

विधीला महत्त्व आले की त्याच्यामागे धर्म शोधला जातो, आणि गळाच्या बाबतीत तो शोध जुना आहे. आयझॅक वॉल्टन यांचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे पुस्तक १६५३ मध्ये, यादवी युद्धाने पोळलेल्या इंग्लंडमध्ये, प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या उपशीर्षकातच गळाने मासे धरणे हे चिंतनशील माणसाचे मनोरंजन असल्याचे सांगितले आहे. वॉल्टन श्रद्धाळू अँग्लिकन होते. येशूच्या शिष्यांपैकी चौघे मासेमारी करणारे होते याचा त्यांना अभिमान वाटे, आणि शांतपणे जगण्याची आस धरावी या संत पौलाच्या उपदेशाने त्यांचे पुस्तक संपते. १६८३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि इचेनच्या काठावरील विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये त्यांचे दफन झाले. तेथील चॅपेलच्या रंगीत काचांच्या खिडकीत ते नदीकाठी पुस्तक घेऊन बसलेले दिसतात. शिष्यांचा दाखला मात्र फारसा टिकणारा नाही. ते जाळे टाकणारे, पोटासाठी राबणारे लोक होते, आणि नव्या करारात गळाचा उल्लेख येतो तो एकदाच, मत्तयाच्या शुभवर्तमानात, जेव्हा मंदिराचा कर भरण्यासाठी पेत्राला गळ टाकायला सांगितले जाते आणि माशाच्या तोंडात नाणे सापडते. तेथेही खेळ नाही. देणे चुकवायचे आहे. वॉल्टनच्या चिंतनशीलतेतली विसंगती बायरनने हेरली आणि ‘डॉन ह्वान’च्या तेराव्या सर्गात त्याच्यावर क्रौर्याचा उघड आरोप केला. तो आरोप उगाच नव्हता, कारण जिवंत बेडूक गळावर ओवताना त्याला अशा हळुवारपणे हाताळावे की जणू आपले त्याच्यावर प्रेमच आहे, असे शिकवणारा तोच हा लेखक आहे.

ड्राय फ्लायचा उपासक यावर म्हणेल की त्याने बेडूक आणि गांडूळ केव्हाच सोडले, मग ओली माशी सोडली, मग मासा मारणेही सोडले. तेव्हा त्याच्या वाटचालीची दिशा अहिंसेचीच आहे. हा दावा सहज झटकून टाकण्यासारखा नाही, आणि तो तपासण्याचे साधन योगशास्त्रात सापडते. पतंजलींनी अहिंसादी यमांना ‘महाव्रत’ म्हटले आहे ते जाती, देश, काळ आणि समय यांनी मर्यादित नसताना. या सूत्रावरील व्यासभाष्यात मर्यादित अहिंसेची उदाहरणे देताना पहिलेच उदाहरण मासे मारणाऱ्याचे घेतले आहे: तो माशांचीच हिंसा करतो, इतर कशाची नाही, म्हणून त्याची अहिंसा जातीने मर्यादित झाली. तीर्थक्षेत्री मारणार नाही ही देशाची मर्यादा, चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही ही काळाची, आणि देवाब्राह्मणांसाठीच मारीन, एरवी नाही, ही समयाची, म्हणजे विशिष्ट प्रसंगाची किंवा संकेताची. अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक पौर्णिमांना आणि उपोसथाच्या, म्हणजे व्रतपालनाच्या, दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली, ती याच प्रकारची काळाने बांधलेली अहिंसा होय. हॅम्पशरचा आचारधर्म या चौकटीत जवळजवळ पुरा बसतो. हिवाळ्यातील विणीच्या हंगामात नदी बंद असते ही काळाची मर्यादा, ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेर जायचे नाही ही देशाची, अमुक लांबीपेक्षा लहान मासा धरायचा नाही ही जातीची म्हणता येईल अशी, आणि वर आलेला मासा दिसल्याखेरीज माशी टाकायची नाही ही समयाची. भाष्यकारांच्या लेखी हे सारे व्रतच आहे. फक्त महाव्रत नाही.

मर्यादा घालून घेण्यात मूल्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि मर्यादा कशासाठी घातली जाते हे पाहिले पाहिजे. अशोकाच्या मनाईत माशाची बाजू घेतली आहे. त्या दिवशी मासे कमी मरावेत हा तिचा उद्देश आहे. हॅल्फर्डच्या नियमांत, विणीचा हंगाम आणि लहान मासा यांचा अपवाद सोडला तर, माशाची बाजू कोठेच येत नाही. वर आलेल्या माशावरच माशी टाकावी, कारण ते अधिक कठीण आहे. बुडालेली माशी वापरू नये, कारण ती वापरली की फार सोपे होते. जाळीत आलेल्या माशाच्या दृष्टीने कोरड्या माशीचा गळ आणि ओल्या माशीचा गळ यांत तसूभरही फरक नसतो. हा संयम हिंसा उणावण्यासाठी नसून आनंद वाढवण्यासाठी आहे, आणि अशा संयमाला तपापेक्षा रसिकता म्हणणे अधिक योग्य होईल.

मासा सोडून देण्याची प्रथा या रसिकतेची पुढची पायरी आहे. अमेरिकेत ली वुल्फ यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस असा विचार मांडला की झुंजार मासा एकदाच पकडून संपवावा इतका स्वस्त नाही, आणि पुढील काही दशकांत ती पद्धत जगभर पसरली. या पद्धतीच्या समर्थनार्थ आधुनिक भारतीय वाचकाला गीतेचा आधार घेण्याचा मोह होईल: फळाची आस सोडून केलेले कर्म ते हेच नव्हे काय, मासा हे फळ आणि तेच जर सोडून दिले तर मागे शुद्ध कर्म उरत नाही काय? परंतु हा आधार उसना आहे. गीतेतील निष्काम कर्म हे नियत कर्म आहे, म्हणजे कर्त्याच्या वाट्याला कर्तव्य म्हणून आलेले कर्म आहे, आणि गळ टाकणे कोणाच्याही वाट्याला तसे आलेले नसते. शिवाय येथे फळ म्हणजे मासा नव्हेच. दोरीचा ताण, माशाची धडपड आणि आपण त्याला फसवू शकलो याचे समाधान हेच फळ आहे, आणि ते सोडण्यापूर्वी पुरेपूर भोगून झालेले असते. अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना परिणाम, हानी, हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माचा निर्देश आहे. ड्राय फ्लायचा जाणकार विचार न करणारा नाही, उलट फारच विचार करणारा आहे, म्हणून त्याला तामस म्हणणे अतिरेकाचे होईल. पण त्याच्या विचारात हिंसा हा विषय बराच उशिरा आला, हे खरे.

तो येण्यास शरीरशास्त्र कारणीभूत झाले. माशाला वेदना होत नाहीत ही समजूत युरोपात दीर्घकाळ सोयीची होती. लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी २००३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रेनबो ट्राउटच्या डोक्यावर इजेची संवेदना टिपणारे चेताग्राहक दाखवून दिले, आणि ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचल्यावर मासे बराच काळ अन्नाला तोंड लावत नाहीत, अंग झुलवत राहतात आणि आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासतात, अशी निरीक्षणे नोंदवली. जेम्स रोझ यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे असे की वेदनेची जाणीव होण्यासाठी लागणारे मेंदूचे बाह्यपटल माशाला नाही, तेव्हा ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे. हा वाद पूर्णतः मिटलेला नाही. भारतीय आचारविचाराला मात्र या वादाच्या निकालासाठी थांबून राहण्याची गरज भासली नसती. जैनांच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील हिंसेची व्याख्या प्रमत्तयोगाने, म्हणजे रागद्वेषादी विकारांच्या आहारी गेलेल्या मन-वाणी-कायेच्या व्यापाराने, प्राणांना इजा पोहोचवणे अशी असून तिचा पहिला अर्धा भाग करणाऱ्याच्या मनाविषयी आहे. येथे एक विलक्षण पेच पडतो. व्यवहारात ज्याला सावध म्हणतात तसा ड्राय फ्लायच्या जाणकाराइतका सावध माणूस विरळा. गवताचे पाते, पाण्याचा रंग, स्वतःची सावली यांपैकी काहीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. एवढे अवधान असलेला माणूस प्रमत्त कसा म्हणायचा? उत्तर असे की अवधान आणि अप्रमाद यांत अंतर आहे. बगळाही एका पायावर एकाग्र उभा असतो, आणि त्याची एकाग्रता कोणाला फसवत नाही.

जैन गृहस्थधर्मातील आणखी एक कल्पना या प्रश्नाला अधिक थेट भिडते. गृहस्थाला संपूर्ण अहिंसा शक्य नाही हे मान्य करून तेथे हिंसेचे स्वयंपाक-घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी, स्वसंरक्षणात होणारी विरोधी आणि बुद्धिपुरस्सर केलेली संकल्पी असे प्रकार केले आहेत, आणि त्यांपैकी संकल्पी हिंसा गृहस्थालाही वर्ज्य आहे. याशिवाय ‘अनर्थदंडविरती’ नावाचे स्वतंत्र व्रत आहे: ज्यात स्वतःचे काही प्रयोजन नाही अशी निरर्थक इजा टाळावी. या कसोटीवर मासा धरून खाणारा आणि मासा धरून सोडणारा यांचा क्रम उलटतो. कोकणात खाडीच्या काठी गरी टाकून बसलेला आणि संध्याकाळच्या कालवणापुरते मासे घेऊन जाणारा माणूस हिंसा करतो, पण तिला अर्थ आहे. मासा सोडून देणारा जिवाचे मरण टाळतो, पण ज्या यातना देतो त्यांना खेळाखेरीज अर्थ उरत नाही. आश्चर्य असे की युरोपातील कायदे वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले. जर्मनीच्या १९७२ च्या प्राणिसंरक्षण कायद्यात सयुक्तिक कारणाशिवाय प्राण्याला वेदना देण्यास मनाई आहे, आणि अन्न हे सयुक्तिक कारण मानले जाते. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार मासा सोडून देण्याच्याच इराद्याने गळ टाकणे निषिद्ध आहे. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने नेहमीच्या मासेमारीत घडणाऱ्या गोष्टी आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. ज्या देशाने या खेळाचा आचारधर्म घडवला त्याने तो कायद्याच्या तावडीतून सोडवला, यात नवल नाही.

या निवाड्याविरुद्ध सर्वांत वजनदार युक्तिवाद नदीचा आहे. ज्यांना ट्राउट हवा असतो त्यांना नितळ, थंड, जिवंत नदी हवी असते. १९४८ मध्ये जॉन ईस्टवूड या कायदेपंडिताने नदीचे प्रदूषण करणाऱ्यांना न्यायालयात खेचण्यासाठी गळ टाकणाऱ्यांची संघटना उभी केली, आणि डर्बीशरच्या एका संघाने डर्वेंट नदी नासवणाऱ्या कारखान्याविरुद्ध व नगरपालिकेविरुद्ध लढवलेला खटला १९५३ मध्ये अपिलातही जिंकला. सरकारी यंत्रणा ढिम्म असताना नदीची बाजू घेणारे लोक हे होते, आणि माशांच्या कित्येक पिढ्या त्यांच्यामुळे जगल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण याच प्रेमाने, ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून, १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत ट्राउट रुजवला तो तेथील लोकांच्या अन्नाकरिता नव्हे, आणि नदीच्या भल्याकरिताही नव्हे. ज्ञानदेवांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना हिंसेतून अहिंसा निपजवू पाहणाऱ्यांना झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालणाऱ्याची उपमा दिली आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड येथे देवीचे म्हणून मानलेले महसीर मासे कोणी धरत नाही. तेथे नदीवर जीव जडण्यासाठी गळाची मध्यस्थी लागलेली नाही. अर्थात देवीचा धाक असलेला डोह हा देशाने मर्यादित अहिंसेचाच नमुना आहे, आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला तो धाक संपतो.

व्यासभाष्यात हिंसेची कारणे तीन सांगितली आहेत: मांस आणि कातडे यांच्या लोभाने केलेली, याने आपले वाईट केले या क्रोधाने केलेली, आणि यातून आपल्याला धर्म घडेल या मोहाने केलेली. भाष्यकारांच्या नजरेसमोर तिसऱ्या प्रकारात बहुधा यज्ञ असावा. खेळाला त्यांनी वेगळा वर्ग दिलेला नाही. मासा सोडून देणाऱ्याला लोभ नाही आणि क्रोध तर मुळीच नाही, तेव्हा उरतो तो मोह, आणि नदीकाठच्या चिंतनशीलतेविषयी, माशाला ओल्या हाताने धरण्याच्या हळुवारपणाविषयी आणि निसर्गाशी एकरूप होण्याविषयी जे लिहिले गेले आहे त्याचा बराच भाग या तिसऱ्या सदरात मोडेल असे वाटते. तरी या बाबतीत स्वतः गळ टाकणाऱ्यांनीच एक प्रयोग करून ठेवला आहे, जो तत्त्वचिंतकांच्या हाती सहसा लागत नाही. त्यांच्यातील काही जण गळाचे टोक छाटून टाकतात. मासा ओळखणे, माशी निवडणे, ड्रॅग टाळणे, अलगद उतरवणे हे सारे जसेच्या तसे राहते. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो, तिच्यात काही नाही हे कळल्यावर थुंकून टाकतो आणि आपल्या जागी परततो. ओठ फाटत नाही, धडपड होत नाही, जाळी लागत नाही.

येथे प्राणांना इजा नाही म्हणून अहिंसेचा आक्षेप बराचसा गळून पडतो, पण सत्याचा उभा राहतो, कारण भाष्यकारांच्या मते वाणी फसवणारी नसावी आणि सर्व भूतांच्या उपकारासाठी असावी, उपघातासाठी नसावी. पिसांची माशी ही वाणी नव्हे, आणि माशाशी खरे बोलण्याचे बंधन माणसावर आहे की नाही हा प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नसला तरी त्याचे उत्तर भाष्यात दिलेले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की टोक छाटलेला गळ सोमदेवांच्या दाखल्यातील गुंता उकलतो. धीवराचे चित्त कोठे आहे हे बाहेरून कसे ओळखायचे, असा आक्षेप हेतुवादावर नेहमीच घेतला गेला आहे. नदीकाठच्या माणसाच्या बाबतीत ते ओळखता येते. वर्तुळ पसरले, माशी नाहीशी झाली आणि दोरीला काहीच ओढ लागली नाही, तेव्हाही ज्याची सकाळ पुरी झाली, त्याचे चित्त पाहण्यावर होते. ज्याला त्यानंतर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, आणि गळ टाकणाऱ्यांपैकी फार थोडे जण टोक छाटतात यावरून असे वाटणारे बहुसंख्य असावेत, त्याला त्या ओढीतच रस होता. आणि ती ओढ म्हणजे दोरीच्या दुसऱ्या टोकाला जीव वाचवण्यासाठी चाललेली धडपड असते.